दिवसाढवळ्या ओढलेला पडदा

वेसल आल्मेरेला राहायला गेला तेव्हा शीडवाल्यांच्या कालव्यावरच्या लोकांनी त्याला जवळजवळ बुडालेल्यांत जमा केलं होतं. आल्मेरे काही दूर नाही. आम्सटरडॅमहून गाडीत बसलं की हातातली कॉफी संपेपर्यंत येतं. पण ते गाव समुद्राचा तळ उपसून, कोरडा करून, त्यावर वसवलेलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. कालव्यावर जन्मलेल्या माणसाला सरळ रस्ता दिसला की चक्कर येते. "तिकडे पूर्वी मासे राहायचे, आता माणसं राहतात," असं शेजारची बेप म्हणायची, आणि मासे बरे होते असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसायचं.

वेसल मात्र दर महिन्याला एका शनिवारी आईला भेटायला यायचा आणि स्टेशनपासून घराच्या दारापर्यंत हळहळत चालायचा. खिळे-बिजागऱ्यांचं दुकान गेलं, तिथं चीज आलं. दोरे-बटणांचं दुकान गेलं, तिथं रबरी बदकं आली: राणी बदक, पोलीस बदक, नवरी बदक, आणि ती विकत घेणारी मोठाली शिकलेली माणसं. या खेपेला चांभाराचं दुकान जाऊन तिथं चॉकलेट थापलेल्या वॉफलची खिडकी आली होती, आणि तिच्यापुढची रांग थेट आईच्या दारावरून पुलापर्यंत पोचली होती. कुणाच्या तरी फोननं सांगितलं होतं की वॉफल खावं तर इथंच. पलीकडच्या दुकानात तेच वॉफल होतं, रांग नव्हती, आणि दुकानदार दारात उभा राहून दात कोरत होता. "शहराची पार वाट लावली," वेसल पुटपुटला. त्या चांभाराकडे तो स्वतः शेवटचा केव्हा गेला होता असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. बूट तो आल्मेरेच्या मॉलमध्ये घ्यायचा.

हळहळण्याच्या भरात तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, आणि मागून घंटी वाजली. सायकलवर एक तरुण मुलगी, पुढच्या खोक्यात भाजी. इथलीच होती, ते तिच्या बसण्याच्या ऐटीवरूनच कळत होतं. वेसल दचकून बाजूला झाला. ती वळसा घालून पुढे गेली आणि जाता जाता गोड हसून चक्क इंग्रजीत म्हणाली, "सांभाळून हं, साहेब! आमच्या शहरात मजा करा!"

तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला इतकं लागलं नसतं. आडव्या येणाऱ्या आपल्या माणसाला इथले सायकलवाले एकेका रोगाचं नाव घेऊन शिव्या देतात. गोड बोलतात ते फक्त पाहुण्यांशी. आणि पाहुणा कुणाला म्हणत होती ती? या रस्त्याच्या विटा त्याच्या बापानं लावल्या होत्या. म्हातारा नगरपालिकेचा फरसबंदीवाला. जन्मभर गुडघ्यांवर बसून, एकेक वीट हातोडीनं ठोकत, तो कालव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत गेला होता. हे सगळं त्या मुलीला ओरडून सांगावं असं वेसलला फार वाटलं, पण ती केव्हाच पूल ओलांडून गेली होती.

आईचं घर कोपऱ्यावरचं, अरुंद आणि जरासं पुढं झुकलेलं. बापानं घेतलं तेव्हा ही घरं पाडायची चालली होती, फुकटसुद्धा कुणी घेत नव्हतं; आता तीच बघायला लोक विमानानं येतात. खालच्या खोलीला रस्त्याकडे भलीमोठी खिडकी होती. तिला चांगले जाड, गर्द हिरवे पडदे होते. वेसलची आई अलिदा दर वसंतात ते उतरवायची, धुवायची, इस्त्री करून परत टांगायची. ओढायची मात्र नाही. शेवटचे ओढले होते ते नवरा वारला तेव्हा. पडदा ओढतो तो, ज्याला काही लपवायचं असतं. अलिदाकडे लपवायला काही नव्हतं, आणि काही नाही हे सगळ्यांनी बघावं अशी तिची इच्छा होती. खिडकीत चिनीमातीचे दोन कुत्रे, जिरेनियमच्या कुंड्या, आणि त्यांच्यामागे खुर्चीत ऐंशी ओलांडलेली अलिदा, हातात कॉफीचा कप घेऊन ताठ बसलेली. रोज सकाळी ती तिथं असायचीच.

त्या दिवशी मात्र तिनं वेसलला आपल्या खुर्चीत बसवलं.

"बस तिथं. पाहुणा आहेस."

"आई, मी पाहुणा?"

"आल्मेरेहून आलास ना? मग."

तिनं कॉफी ओतली, पत्र्याचा डबा उघडला, वेसलनं एक बिस्किट घेतलं, आणि झाकण टप्पकन बंद झालं. पाहुणा असो की पोटचा मुलगा, एका कॉफीला एक बिस्किट. यात कंजूषपणा नव्हता. जग असंच चालतं अशी तिची समजूत होती.

"आई, सोमवारी दलाल येतोय," वेसल म्हणाला. "घराचे फोटो काढायला. तू आज काय ते सांगते म्हणाली होतीस."

"सांगते. हेरिंग खाल्ल्यावर."

"तुझे गुडघे बघ. हा काय जिना आहे? शिडी आहे. दोरी धरून चढतेस. तिकडे आमच्या शेजारीच खोली मिळतेय, तळमजल्यावर. बाग आहे, लिफ्ट आहे."

"तळमजल्यावर लिफ्ट कशाला?"

वेसल जरा गडबडला. आईच्या गुडघ्यांची काळजी त्याला खरोखरच होती. घर विकलं की एक छोटी शिडाची होडी घ्यायची, हा विचार त्या काळजीच्या मागे जरा आडोशाला उभा होता, इतकंच. तो त्यानं बायकोलाही सांगितला नव्हता.

"पडदेसुद्धा बटणावर उघडतात," तो म्हणाला.

"आणि बटण कोण दाबतं?"

"कुणी नाही. आम्ही बंदच ठेवतो. ऊन येतं."

"बाहेरून कोण जातं?"

"कुणीच नाही. इतकं शांत आहे!"

"हं," अलिदा म्हणाली.

तेवढ्यात कालव्यातून प्रवासी होडी आली. काचेचं छप्पर, आत दाटीवाटीनं बसलेली माणसं, आणि रेकॉर्डवरचा आवाज एकामागून एक भाषांत सांगत होता की या झुकलेल्या घरात मसाल्याचा मोठा व्यापारी राहायचा. साफ खोटं. राहायचा तो पिंपं बनवणारा. अलिदानं उभ्या उभ्याच कप उंचावला. सगळी होडी हात हलवू लागली.

"कशाला त्यांना शेफारून ठेवतेस?" वेसल म्हणाला. "प्राणिसंग्रहालय झालंय घराचं."

"मग मी वाघीण." तिनं पिशवी काढली. "हेरिंग घेऊन येते. यंदाची पहिली मासळी आलीय."

"मी आणतो ना."

"तू नको. तुला टुरिस्ट समजून गेल्या वर्षीची गळ्यात मारतील."

हे वर्मी लागलं. वेसल खुर्चीतच बसून राहिला. पुढच्या दाराशी वॉफलची रांग होती, म्हणून अलिदा बोळातल्या बाजूच्या दारानं बाहेर पडली, आणि कालव्यावरच्या कुणालाही ती दिसली नाही.

आता खिडकीत एकटा वेसल होता. रांगेतल्या लोकांना करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ते आत बघत होते. म्हाताऱ्या बाईच्या जागी हा पोट सुटलेला माणूस बघून त्यांची निराशा झालेली दिसत होती. काठीला फोन लावलेल्या एका बाईनं त्याला कप वर करायची खूण केली. आणि वेसलनं केला! मग स्वतःचीच लाज वाटून त्यानं तो खाली ठेवला. तिच्या मागून एक गृहस्थ पुढे आला, डोळ्यांभोवती तळव्यांचा आडोसा करून त्यानं नाक काचेला टेकवलं, काचेवर वाफ धरली, ती बाहीनं पुसली, आणि परत टेकवलं. टेबलावर काय आहे, भिंतीवर काय आहे, वेसलच्या पायात कसले मोजे आहेत, सगळं त्यानं सावकाश, बायकोला सांगत सांगत बघून घेतलं. वेसलच्या डोक्यात तिडीक गेली. तो उठला, जिरेनियमच्या कुंड्यांवरून वाकला आणि दोन्ही पडदे सर्रकन ओढून घेतले.

खोलीत हिरवा अंधार झाला. किती बरं वाटलं! अगदी आल्मेरेसारखं. त्यानं पाय पसरले आणि आई नाही हे बघून डब्यातलं दुसरं बिस्किट उचललं.

ते संपायच्या आत दारावरची घंटा वाजली.

दारात बेप उभी होती. जून महिन्यात काळा लोकरी कोट, त्याला डांबरगोळ्यांचा वास. वेसलला ती एरवी 'आल्मेरेवाला' म्हणायची, तेही नाक वर करून. आज तिनं दोन्ही हात पसरले आणि त्याला छातीशी धरलं.

"वेसल! पोरा! आपला वेसल!"

तिच्या खांद्यावरून वेसलला रस्ता दिसत होता. सगळी रांग खिडकीकडे बघत होती. त्यानंही मान वाकडी करून बघितलं: दुपारचं लखलखीत ऊन, आणि कालव्यावरच्या उघड्या खिडक्यांच्या ओळीत त्यांची एकटीची मिटलेली. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. शीडवाल्यांच्या कालव्यावर दिवसाढवळ्या पडदा ओढतात तो घरात कुणी वारलं तरच. हे त्याला चालायला लागल्यापासून माहीत होतं. समुद्राच्या तळाशी राहून राहून विसरला होता.

"बेप, ऐका ना, आई..."

"काही बोलू नकोस. तिच्या खुर्चीत मघाशी तू दिसलास ना, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हटलं, अलिदा खुर्ची कुणाला द्यायची नाही. जिवंतपणी तर नाहीच." ती त्याला ढकलत आत घेऊन आली. "माझ्याच पायरीवर पडून तू पुढचा दात पाडून घेतला होतास. आठवतं? अलिदा धावत आली होती, हातात पिठाचं उलथनं तसंच."

वेसलला आठवत होतं. आणि नवल म्हणजे, ते दुसऱ्या कुणाला आठवतं याचा त्याला इतका आनंद झाला की पुढचं वाक्य राहूनच गेलं. सांगू, त्याला वाटलं. हिला आधी जरा बसू दे, मग सांगू.

पण बेप बसते आहे तोच टायमेन आणि फ्लर आले. ही भिंतीपलीकडच्या घरातली तरुण जोडी. कसलंसं ॲप विकून त्यांनी ते घर घेतलं होतं, आणि कालव्याच्या जुन्या चालीरीती त्यांनी अशा घोटून पाठ केल्या होत्या की जुन्या लोकांना त्यांची धास्ती वाटायची. दोघं काळ्या लिननच्या कपड्यांत होती. फ्लरच्या हातात ओटच्या दुधाचा केक होता.

"आम्ही पडदा पाहिला," टायमेन खालच्या आवाजात म्हणाला. "फार वाईट झालं, वेसल. पण ही प्रथा तुम्ही पाळलीत, याचं आम्हाला किती, म्हणजे, किती खरं वाटलं!"

मग रीतीप्रमाणे हस्तांदोलन झालं. फ्लरनं वेसलचं सांत्वन केलं, मग बेपचं केलं; बेपनं टायमेनचं केलं; टायमेननं चुकून फ्लरचंच केलं, आणि तिनंही ते गंभीरपणे स्वीकारलं. वाढदिवस असो की मरण, या देशात खोलीतल्या प्रत्येकाला हात दिल्याशिवाय बसता येत नाही. त्या धामधुमीत वेसलनं दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा कुणीतरी त्याचा हात हातात घेऊन "शब्द नाहीत" म्हणालं, आणि त्याचेही उरले नाहीत.

"जाताना त्रास झाला का हो?" फ्लरनं विचारलं.

"नाही," वेसल म्हणाला. हे खरं होतं. आई पिशवी घेऊन चांगली टुणटुणीत गेली होती. पण एकदा 'नाही' म्हटल्यावर परतायची वाट बंद झाली, हे त्याला स्वतःलाच कळलं. आता खरं सांगायचं तर कोणत्या तोंडानं? तो स्वयंपाकघरात गेला आणि कॉफी करायला लागला. आपला हात आपसूक त्या डब्याकडे, त्या कपांकडे जातोय, आणि बाहेरच्या खोलीत लोक 'आपला वेसल', 'आपला वेसल' म्हणतायत. इंग्रजीत मजा करा म्हणणारी ती मुलगी आत्ता हवी होती, असं त्याला वाटलं. मला बघायला हवी होती तिनं.

तो कॉफी घेऊन आला तेव्हा टायमेन मधल्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी ठकठक करत होता.

"ही वेळ नाही, मला माहितीये," तो म्हणाला. "पण कधी तुमच्या मनात विकायचं आलं, तर आधी आम्हाला. ही भिंत काढली तर इथून थेट आमच्या स्वयंपाकघरात उजेड येईल. अलिदाबाईंना आवडलं असतं."

"तिला उजेड फार आवडायचा," फ्लर म्हणाली आणि डोळे टिपले.

"आणि कुत्रे मला," बेप म्हणाली. "ती नेहमी म्हणायची, शेजारीणबाई, मी गेल्यावर कुत्रे तुमचे." वेसलनं खिडकीकडे बघितलं. दोन कुत्र्यांपैकी एकच उरला होता, आणि बेपच्या हातपिशवीतून चिनीमातीचा एक कान बाहेर आला होता.

त्यानंतर आला लोडेवाइक. घरासमोरच पाण्यात त्याची राहती होडी बांधलेली असायची. दाढीवाला, आडदांड, बोलायचा इतका कमी की नवे लोक त्याला मुका समजायचे. तो आत आला, कुणाला हात दिला नाही, काही नाही. रिकाम्या खुर्चीपुढं जाऊन उभा राहिला.

"रोज सकाळी ती कप वर करायची," तो म्हणाला. "मी पण करायचो. माझ्या खिडकीतून."

त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आमचं कधी बोलणं झालं नाही तसं. एकदाच मी तापानं पडलो होतो. दोन दिवस कप दिसला नाही म्हणून ती फळीवरून होडीत आली. त्या गुडघ्यांनी. सूप घेऊन." त्याच्या दाढीतून पाणी वाहायला लागलं. "आता मी सकाळी कप दाखवू कुणाला?"

वेसलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका वेळ त्याला आपलं म्हणवून घ्यायला गंमत वाटत होती. आता आपण एका भल्या माणसाला रडवतोय, हे समोर दिसत होतं. त्यानं कॉफीची किटली खाली ठेवली.

"लोडेवाइक, थांब. मला एक सांगायचंय. आई..."

पुढचं दार धाडकन उघडलं.

अलिदा दारात उभी होती. केस विस्कटलेले, एका पायात बूट नाही, छातीशी कागदाचा पुडा, आणि तो तिनं इतका घट्ट आवळला होता की कांदा आणि मासा बोटांतून बाहेर आला होता. बेप किंचाळली. फ्लरनं टायमेनला घट्ट धरलं. अलिदानं यातलं काहीच बघितलं नाही. तिनं खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती. मग तिची नजर खोलीभर फिरली, एकेका चेहऱ्यावरून, आणि वेसलवर येऊन थांबली.

ती त्याच्यापर्यंत चालत आली. माशाचे हात तिनं त्याच्या दोन्ही गालांवर ठेवले आणि दाबून बघितले, नाक, कपाळ, कान, पाव ताजा आहे का बघावा तसे.

"पुलावरून पडदा दिसला," ती म्हणाली. "घरात तुझ्याशिवाय कुणी नव्हतं."

पुलावरून घरापर्यंतचं अंतर काही फार नाही. पण तेवढ्या अंतरात आपल्या आईनं आपल्याला मेलेलं धरलं होतं, आणि तशीच ती त्या विटांवरून, त्या गुडघ्यांनी, एका बुटानं पळत आली होती. त्याला रडू आलं, चारचौघांत, लहानपणी दात पडल्यावर आलं होतं तसं.

तेवढ्यात तिनं त्याच्या कानाखाली वाजवली. माशासकट.

"पडदा कुणी ओढला?"

"मी."

"का?"

"लोक बघत होते."

"लोक बघत होते!" अलिदा खुर्चीत बसली. "अरे, लोक बघतात म्हणून तर मी इथं बसते. मी एक सकाळ दिसले नाही तर हा लोडेवाइक होडीतून उडी मारून येईल. ही बेप येईल, कुत्र्यांसाठी का होईना, पण येईल. बेप, तो खिडकीत परत ठेव."

बेपनं कुत्रा परत ठेवला.

"आणि हे दोघं भिंतीसाठी येतील. यायला तर हवं ना कुणीतरी? तुझ्या त्या आल्मेरेत बटण दाबून अंधार करून बसलेले सगळे. तिथं मी गेले, तर कुणाला कळणार?"

"मी असेन ना, आई. मी सांभाळीन."

"तू?" तिनं टेबलावरच्या कपांकडे बघितलं, केककडे, काळ्या कपड्यांकडे, लोडेवाइकच्या ओल्या दाढीकडे. "एवढी माणसं जमली. कॉफी झाली. केक कापला. माझी आई हेरिंग आणायला गेलीय, एवढं सांगायला तुला जमलं नाही, वेसल. आणि मला सांभाळायला निघालास?"

टायमेन जमिनीकडे बघत होता. लोडेवाइक मात्र आता हसत होता, आणि रडतही होता. दाढीमुळे नक्की कळत नव्हतं.

"ते पडदे उघड," अलिदा म्हणाली.

वेसलनं उघडले. काचेपलीकडे सगळी रांग गोळा झाली होती, वॉफल खात. कालव्यात प्रवासी होडी थांबली होती. काळ्या कपड्यांतली माणसं, मध्ये एकाच पायात बूट असलेली म्हातारी, आणि गालावर कांदा चिकटलेला एक मध्यमवयीन गृहस्थ हे सगळं एकदम उजेडात आल्यावर बाहेर फोनच फोन वर झाले.

"आता त्या दलालाला फोन कर. इथंच उभा राहून. त्याला म्हणावं, सोमवारी यायचं कारण नाही. आणि आवाज चढवून बोल, बाहेर ऐकू गेलं पाहिजे."

वेसलनं फोन केला. दोन वाक्यांत विषय संपला. मनातली शिडाची होडी कुठल्या कुठं वाहत गेली, आणि नवल म्हणजे, तिच्याबद्दल त्याला विशेष काही वाटलं नाही. वाटत होतं ते कानाखालचं.

"बसा सगळे," अलिदा म्हणाली. "बूट कुणीतरी आणा माझा, पुलाजवळ पडलाय." टायमेन पळाला. तिनं पुडा उलगडला. हेरिंगचा पार चेंदामेंदा झाला होता, पण यंदाची होती. तिनं ती वाटली, आणि मग पत्र्याचा डबा वेसलपुढं सरकवला. त्यानं एक घेतलं. झाकण बंद झालं नाही. तो वाट बघत राहिला, पण डबा तसाच उघडा, त्याच्यापुढं.

"घे अजून," ती म्हणाली. "मेलेल्याला दुसरं मिळतं."

संध्याकाळी तो निघाला. पुढच्याच दारानं. वॉफलची खिडकी मिटली होती, रांग पांगली होती, आणि रस्ता ओला होता. कुणीतरी चॉकलेट धुऊन काढलं होतं. चार पावलं गेल्यावर तो वळून उभा राहिला. खिडकीत दिवा लागला होता. दोन कुत्रे, जिरेनियम, आणि त्यांच्यामागे आई कप घेऊन. ती त्याच्याकडे बघत नव्हती, समोर पाण्यात लोडेवाइकच्या होडीच्या खिडकीत बघत होती. वेसल परत गेला, डोळ्यांभोवती तळव्यांचा आडोसा केला आणि नाक काचेला टेकवलं. तिच्या पायात दोन्ही बूट आहेत का, ते त्याला बघायचं होतं. होते. मग तो एकेक पाऊल मागे सरकत गेला, सगळी खिडकी एका वेळी दिसावी म्हणून, सरकत सरकत थेट रस्त्याच्या मधोमध.

ब्रेक करकरले. सायकलचं पुढचं चाक त्याच्या पोटरीला लागलं.

"ए पटकी लागलेल्या!" सायकलवाला खास कालव्याच्या भाषेत, घसा फोडून ओरडला. "डोळे फुटले का? रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

वेसलनं पायाखालच्या विटांकडे बघितलं. चेहरा फुलला त्याचा.

"हो!" तो ओरडला. "बापाचाच आहे!"

सायकलवाला आणखी एका रोगाचं नाव घेऊन पुढे गेला. आत खिडकीत अलिदानं मान वळवली, रस्त्यात उभ्या असलेल्या आपल्या मुलाला बघितलं, आणि कप वर केला. वेसलजवळ कप नव्हता. त्यानं नुसता हात वर केला आणि गाडी चुकेपर्यंत तो तसाच उभा राहिला.